थोरलीचे नवे ब्रेक

आमच्या घरी गाडीला गाडी म्हणत नाहीत, ‘थोरली’ म्हणतात. पांढरी अँबेसेडर, मार्क ४, १९८६ चं मॉडेल. आजोबांनी ती १९९१ मध्ये ओळखीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा बाबा कॉलेजात होते आणि माझा तर पत्ताच नव्हता. त्यामुळे घरातली मानाची उतरंड ठरलेली आहे : आधी आजोबा, मग थोरली, मग आम्ही बाकीचे.

आम्ही इंदूरचे मराठी. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि रविवारी सकाळी पोहे-जिलेबी. आजोबा भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय ७९. मी २५ वर्षांची, बी.ए. इंग्रजी करून घरबसल्या कंटेंट रायटिंग करते. दिवसातून दहा वेळा तरी ‘अपग्रेड’ हा शब्द लिहिते. फोन अपग्रेड करा, स्वयंपाकघर अपग्रेड करा, त्वचेची निगा अपग्रेड करा! पण खरंखुरं अपग्रेड म्हणजे काय असतं, ते मला गेल्या वर्षी एका गॅरेजात, हात काळे झाल्यावर कळलं.

भेरूघाटातला तो रविवार

कार्तिकातला रविवार होता. आम्ही ओंकारेश्वरला निघालो होतो. आजोबा गाडी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई, मी आणि माझी सहा वर्षांची मावसबहीण. सिमरोल मागे पडलं की माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता भेरूघाटातून खाली निमाडात उतरतो. वळणं, उतार आणि पुढे-मागे ट्रक. या रस्त्यानं आम्ही शंभर वेळा तरी गेलो असू.

तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मला जळका वास आला. आईला वाटलं ट्रकचा असेल. पुढचा ट्रक हळू झाला. आजोबांनी ब्रेक दाबला आणि गाडी हळू झालीच नाही. म्हणजे थोडी झाली, पण नेहमीसारखी नाही. आजोबांनी पुन्हा दाबला. ट्रकच्या मागे लिहिलेली अक्षरं मोठी होत गेली.

“नाना, गिअर खाली घ्या. दुसरा. दुसरा!” बाबा ओरडले. आजोबांनी स्टिअरिंगजवळचा दांडा खाली ओढला, गिअर कर्रकन बोलला, इंजिन किंचाळलं. बाबांनी हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी ट्रकपासून दोन-तीन हातांवर सावरली आणि पुढे रस्ता रुंद होता तिथे कडेला थांबली. बहीण झोपेतून उठून म्हणाली, “आलं का ओंकारेश्वर?” कुणीच उत्तर दिलं नाही.

पुढच्या चाकांजवळ हात नेला तर धग लागत होती. अर्धा तास थांबलो. मग बाबांनी गाडी जरा पुढे घेऊन ब्रेक दाबला, तर तो पूर्वीसारखा छान लागला. जणू काही झालंच नव्हतं! तापला की दगा देतो आणि थंड झाला की साळसूद होतो, हाच या ब्रेकचा स्वभाव, हे पुढे कळलं. तिथून बाबांनी गाडी चालवली. देवदर्शन झालं, पण नर्मदेच्या घाटावर आई माझा हात सोडत नव्हती.

घरी आल्यावर तिनं एकच वाक्य सांगितलं, “ही गाडी विका.”

आजोबा म्हणाले, “ब्रेक जुने झालेत. गाडी नाही.”

आम्ही सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. ब्रेकला दोष देणं सोपं होतं. वळणाच्या आधी गाडी टॉप गिअरमध्ये होती आणि घाट सुरू झाल्यापासून आजोबांचा पाय ब्रेकवरच होता, हे फक्त बाबांनी पाहिलं होतं. ज्यांनी बाबांना ‘ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर’ हे शिकवलं, तेच आजोबा त्या दिवशी गिअर बदलायचा विसरले होते. बाबा हे बोलले नाहीत. मला त्यांनी ते खूप नंतर सांगितलं.

पातेलं आणि ताटली

बाबा थोरलीला घेऊन उस्तादांकडे गेले. उस्ताद म्हणजे साठीचे मेकॅनिक, चाळीस वर्षं अँबेसेडर आणि फियाट दुरुस्त केलेले. सोबत मीही गेले, कारण त्या आठवड्यात एका गाडीच्या वेबसाइटसाठी ब्रेकवर लेख लिहायचा होता. ‘फुकटात माहिती मिळेल’ हा माझा शुद्ध स्वार्थ.

उस्तादांनी चाक उतरवून दाखवलं. थोरलीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चाकाबरोबर फिरणारा एक बंद लोखंडी डबा आणि त्याच्या आत लायनर लावलेले दोन अर्धगोल शू. ब्रेक दाबला की शू बाहेर पसरतात आणि डब्याला आतून घासतात. घासलं की उष्णता आली. डबा बंद असल्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. लायनर एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कमी होते. शिवाय ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून आणखी लांब जातो. त्यामुळे पाय जास्त खोल जातो आणि गाडी कमी थांबते.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तबकडीला सतत वारा लागतो, त्यामुळे ती लवकर निवते. पाणी लागलं तर फिरता फिरता झटकलं जातं.

हे मी रात्री आईला स्वयंपाकघरात समजावलं. पातेलं फिरतंय आणि तू ते आतून दोन्ही हातांनी दाबून थांबवतेस, वर झाकण. हा झाला ड्रम. ताटली फिरतेय आणि तू ती कडेला दोन बोटांत धरतेस, ही झाली डिस्क. आई म्हणाली, “मग आधीच ताटली का नाही लावली?”

प्रश्न बरोबर होता. अँबेसेडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वर बेतलेली गाडी. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत बनत होती. इतक्या वर्षांत जाळी बदलली, दिवे बदलले, इंजिनं बदलली, पण मूळ सांगाडा बराचसा तोच राहिला. १९९० च्या दशकात इसुझूचं इंजिन असलेली १८०० आयएसझेड आली आणि तिच्याबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. सांगाडा तोच असल्यामुळे धाकट्या बहिणीचे ब्रेक थोरलीला बसू शकत होते. उस्ताद म्हणाले, “बहन का गहना है, थोड़ा घटाना-बढ़ाना पड़ेगा.”

आजोबांचा नकार

आजोबा तयार नव्हते. थोरलीत त्यांनी काहीच बदललं नव्हतं. ॲशट्रेसुद्धा तीच, आणि आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही. “मूळ ते मूळ,” ते म्हणायचे. “नवे लायनर लावा, ड्रम लेथवर घासून घ्या, झालं.”

बाबांनी भावनेची भाषा वापरलीच नाही. ते म्हणाले, “नाना, वेग दुप्पट झाला तर ब्रेकला किती उष्णता झेलावी लागते?”

“चौपट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते,” आजोबा लगेच म्हणाले. प्रश्न विचारला आणि प्राध्यापकानं उत्तर दिलं नाही, असं होत नाही.

“आपण १९९१ मध्ये घाटात ज्या वेगानं जायचो, त्याच वेगानं आज जातो का?”

आजोबा गप्प.

“आणि समोरची गाडी? एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. पुढचा माणूस कच्चकन थांबतो. त्याची गाडी नवी झाली. त्याच्या मागे आपण जुनेच आहोत.”

हे आजोबांना पटलं. थोरली बदलली नव्हती, पण तिच्या आजूबाजूचा रस्ता बदलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, “करा. पण जुने सुटे भाग फेकायचे नाहीत. पेटीत ठेवायचे.”

नुसती डिस्क लावून भागत नाही

बाबांचे एक मित्र बदली होऊन कोलकात्यात आहेत. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी तिथला मल्लिक बाजार प्रसिद्ध. उस्तादांनी यादी दिली आणि ताकीदही, “आधा सामान मत लाना.” मला वाटलं होतं, दोन तबकड्या आणि दोन कॅलिपर आले की झालं. यादी मात्र लांबलचक निघाली.

उस्तादांनी एकेक कारण सांगितलं. ते मी वहीत लिहून घेतलं होतं, इथे तुमच्यासाठी थोडक्यात देते.

ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानं शू आपोआप आणखी घट्ट दाबला जातो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नसते. म्हणून बूस्टर हवा. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि पायाचा जोर वाढवतो.

कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, त्याला ढकलायला ब्रेक ऑइल जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर ठेवला तर पाय खोल जाईल. शिवाय ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये अनेकदा एक झडप असते, ती पाइपमध्ये थोडा दाब सतत राखून ठेवते. ड्रमला तो दाब चालतो. डिस्कला मात्र त्यामुळे पॅड कायम घासत राहतात आणि डिस्क तापते. म्हणून मास्टर सिलिंडरही डिस्कवाल्या गाडीचाच हवा. आमचा जुना सिलिंडर एकेरी होता. म्हणजे कुठेही एक पाइप गळला तर चारही चाकांचे ब्रेक गेले. नवा दुहेरी आहे, एक बाजू गेली तरी दुसरी उरते. हे ऐकल्यावर आईनं पहिल्यांदा या कामात रस घेतला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचं जुळणं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून जास्त काम पुढच्या चाकांनी करायचं असतं. मागची चाकं आधी अडकली तर गाडी गर्रकन फिरू शकते. मागे आमचे ड्रमच राहणार होते, पण त्यांचे शू, व्हील सिलिंडर आणि सेटिंग नीट करून दोन्हींची गट्टी जमवायची होती.

मला यातून एक गोष्ट कळली. जुन्यात नवं आणायचं तर एक चकचकीत वस्तू आणून भागत नाही. तिच्या मागे-पुढे जे जे आहे, त्या सगळ्याला विचारावं लागतं. नाहीतर नवी वस्तूच नवा धोका होते.

पार्सल रेल्वेनं आलं. जड, तेलकट आणि गोणपाटात गुंडाळलेलं. उस्तादांनी व्हर्नियरनं तबकड्या मोजल्या. डिस्कची किमान जाडी ठरलेली असते, त्याखाली गेली की ती वापरायची नाही. एक तबकडी नापास झाली, म्हणून दोन्ही बदलल्या, कारण डावी-उजवी सारखी हवी. कॅलिपरचे गंजलेले पिस्टन बदलले. रबरी सील, होज पाइप, पॅड, तांब्याचे वॉशर सगळं नवं. “रबर पुराना नहीं लगता, बेटा, चाहे सोने का हो,” उस्ताद म्हणाले. सगळं धरून खर्च २२,००० रुपयांच्या घरात गेला.

जुने ड्रम उघडताना एका पोरानं धूळ फुंकायला तोंड पुढे केलं, तर उस्तादांनी त्याला मागे ओढलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुप्फुसांना घातक. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

दाब, धर, सोड

शेवटचं काम ब्रेकची हवा काढायचं. पाइपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाय स्पंजवर पडल्यासारखा लागतो, कारण हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल सोडायचं. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या.

उस्तादांचा पोरगा त्या दिवशी आला नव्हता. मी आत बसले. बाबा चाकाशी, आजोबा ब्रेक ऑइलच्या बाटलीपाशी, डबी रिकामी होऊ न देण्याच्या कामावर.

“दाब,” बाबा म्हणायचे. मी दाबायची. “धर.” निपल सुटायचं, पाय खाली जायचा. “सोड.” चार चाकं, प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा. आजोबा प्रत्येक वेळी डबीत डोकावून “आहे, आहे” म्हणत होते. मध्येच म्हणाले, “हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, माहिती आहे? कोरडं डॉट ३ सुमारे २०५ अंशांना उकळतं. ओल शिरली की १४० च्या आसपास. उकळलं की वाफ, वाफ म्हणजे पुन्हा बुडबुडा. दर दोन वर्षांनी बदलायला हवं.” मग थांबून हळूच म्हणाले, “मी किती वर्षांत बदललं नाही, कुणास ठाऊक.”

मी आरशातून बाबांकडे पाहिलं. ते निपल आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विटांची परीक्षा

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. पहिले काही दिवस हळू, मध्यम जोरानं ब्रेक लावून त्यांना डिस्कवर बसू द्यावं लागतं. तीन आठवडे बाबांनी तसं केलं. मग एका रविवारी पहाटे आम्ही बायपासपलीकडच्या एका नव्या कॉलनीत गेलो. रस्ते झाले होते, घरं अजून व्हायची होती. आजोबांना प्रयोग करायचा होता. सोबत चुना, चार विटा आणि माझा लाल दुपट्टा.

प्रयोग असा : गाडी ४० च्या वेगानं येणार. चुन्याच्या रेघेवर पोचली की मी दुपट्टा खाली टाकणार. दुपट्टा पडताना दिसला की चालवणाऱ्यानं ब्रेक लावायचा. गाडी थांबेल तिथे मी वीट ठेवणार.

बाबांनी तीनदा केलं. तिन्ही विटा जवळजवळ एकाच जागी. गाडी सरळ थांबली, नाक खाली वाकवून, डावी-उजवीकडे न ओढता. उस्ताद लांबून बघत होते, त्यांनी मान डोलावली.

मग आजोबा चाकावर बसले. गाडी आली, रेघेवर मी दुपट्टा टाकला. गाडी माझ्यासमोरून पुढे गेली, बाबांच्या विटांपाशी पोचली, ओलांडली आणि मग थांबली. आजोबा म्हणाले, “दुपट्टा नीट दिसला नाही. पुन्हा.” पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ते सावध होते, तरी थोडाच फरक पडला.

आजोबा उतरले. बाबांच्या विटेपासून स्वतःच्या विटेपर्यंत ते स्वतः चालत गेले, पावलं मोजत. मला वाटलं काहीतरी बोलावं, ‘सकाळी थंडी आहे’ किंवा ‘तुम्हाला या पेडलची सवय नाही.’ पण आजोबांपुढे खोटी कारणं चालत नाहीत.

“सुमारे अकरा मीटर,” ते म्हणाले. “ताशी ४० म्हणजे सेकंदाला किती?”

मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले.

“अकरा मीटर,” त्यांनीच सांगितलं. “ब्रेक तोच, गाडी तीच, रस्ता तोच. मी एक सेकंद उशिरा दाबतोय.” मग उस्तादांकडे वळून म्हणाले, “उस्ताद, एक सेकंद मिलेगा क्या मल्लिक बाज़ार में?”

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, “प्रोफेसर साहब, वो तो मेरे पास भी कम हो गया है.”

परतताना आजोबा डावीकडे बसले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. राजवाडा दिसायला लागला तेव्हा ते काचेबाहेर बघत म्हणाले, “भेरूघाटात गाडी टॉपमध्ये होती. मला माहीत आहे.”

बाबा म्हणाले, “हो, नाना.”

एवढंच. पण इतके महिने घरात जे बंद ड्रमसारखं तापत होतं, त्याला त्या दोन शब्दांनी वारा लागला.

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर

अनेक घरांत अशी एखादी गाडी असते. तिच्यावर माया असते, म्हणून तर तिला सुरक्षित ठेवायचं. आम्ही जे शिकलो, ते असं :

• ब्रेकचं काम घरी व्हिडिओ बघून करू नका. त्या मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिककडेच जा.

• सुटे भाग शक्यतो त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचे आणि पूर्ण संच घ्या. डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर एकमेकांना जुळणारे असू द्या.

• कॅलिपर बसवल्यावर चाक हातानं पूर्ण फिरवून बघा. कुठे घासता कामा नये.

• बूस्टर तपासायची सोपी रीत : इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

• पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की बूस्टरची मदत लवकरच संपते. घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

• मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. काम हाती घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा आणि बिलं जपून ठेवा. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतन करावी लागते, तेव्हा हे कागद उपयोगी पडतात.

• नव्या ब्रेकनं जुनी गाडी नवी होत नाही. आमच्या थोरलीला एबीएस नाही, एअरबॅग नाही. पुढच्या गाडीपासून अंतर जास्तच ठेवा.

• आणि गाडीबरोबर चालवणाऱ्याचीही तपासणी करा. डोळे, कान, गुडघे आणि तो एक सेकंद. हे घरातल्या मोठ्यांना ऐकवू नका, त्यांना स्वतः मोजू द्या.

किल्ली

त्या रविवारनंतर चार दिवसांनी मी लॅपटॉपवर काम करत होते. आजोबा आले आणि त्यांनी टेबलावर थोरलीची किल्ली ठेवली. तिला अजून तोच पितळी गणपती लटकलेला.

“लायसन्स आहे ना तुझ्याकडे?”

“आहे, आजोबा. पण मी स्कूटरशिवाय काही चालवत नाही.”

“उद्यापासून सकाळी सहाला. मी शेजारी बसेन.”

मला वाटलं आधी क्लच, मग गिअर. पण पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी पळवूच दिली नाही. वीसच्या वेगानं न्यायची आणि थांबवायची. पुन्हा न्यायची, पुन्हा थांबवायची. मी कुरकुरले, तर म्हणाले, “गाडी चालवता सगळ्यांना येते. आधी थांबवायला शीक.”

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा ओंकारेश्वरला गेलो. भेरूघाटापर्यंत बाबांनी चालवली. घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाले, “ये पुढे.” आईनं पदराचं टोक मुठीत धरलं, पण ती काही बोलली नाही.

मी बसले. आजोबा डावीकडे होते. उतार सुरू व्हायच्या आधीच त्यांनी समोर बघत, अगदी सहज सांगितलं, “दुसरा घाल.”

मी घातला. ब्रेकची फारशी गरज पडली नाही.